माय, गैरअर्जदार क्रमांक एक

अर्ज कसा लिहावा, हे सेनगाव तालुक्यात मला कुणी शिकवायचं काम नाही. एकवीस वर्षं झाली, तहसीलच्या भिंतीला लागून पत्र्याच्या शेडमध्ये माझं टेबल आहे. टेबलावर लॅपटॉप, खाली प्रिंटर आणि डोक्यावर पाटी : 'भीमराज सोनाजी खिल्लारे, अर्जनवीस'. रेशनकार्डात नाव घालायचं असो, बांधावरचं झाड शेजाऱ्याने तोडलेलं असो, नाहीतर म्हशीने म्हशीला मारलेलं असो, माणूस आधी माझ्याकडे येतो आणि मग सरकारकडे जातो.

आलेला माणूस बहुधा घाबरलेला असतो. त्याला मी आधी खुर्चीवर बसवतो आणि सांगतो, "भ्यायचं न्हाई. तुमी अर्जदार हाव." अर्जदार म्हणजे कोण, हेही फोड करून सांगतो. ज्याने कोर्टाचं दार वाजवलं तो अर्जदार. कागदावर त्याचं नाव वर. ज्याच्याकडून जाब मागायचा तो गैरअर्जदार. त्याचं नाव खाली. आणि मधोमध एक भलामोठा 'विरुद्ध'. माझ्या मते अर्जदार म्हणजे लग्नातला नवरदेव. मांडव त्याच्यासाठी, बँड त्याच्यासाठी, बाकीच्यांनी नुसतं हजर राहायचं. एवढ्या वर्षांत मी हजारो नवरदेव घोड्यावर चढवले, पण स्वतः कधी चढलो नव्हतो.

ती संधी बाबांच्या जीपने आणली.

बाबा म्हणजे सोनाजी खिल्लारे. आमचं गोरेगाव ते सेनगाव, सेनगाव ते हिंगोली अशी सत्तावीस वर्षं त्यांनी जीप चालवली. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून जीप आमच्या अंगणात उभी होती आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. माझ्या मनात आलं, एखादा भला ड्रायव्हर बघावा आणि गाडी पुन्हा रस्त्यावर काढावी. त्यासाठी ती आमच्या नावावर करायला हवी होती. आरटीओत चौकशी केली, तर खिडकीतल्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "वारस प्रमाणपत्र आणा. कोर्टाचं."

दुसरा कुणी असता तर त्याचा चेहरा पडला असता. माझा खुलला.

संध्याकाळी जेवताना मी घरात जाहीर केलं, की कोर्टात अर्ज टाकतोय, बाबांच्या वारसाचा.

"कोर्टात?" माय भाकरी थापता थापता थांबली. "मंग वकील लागंल की."

"वकील कशाला? सगळ्या तालुक्याचे अर्ज मी लिहितो, माझा मला लिहिता येणार नाही का?"

"बघ बाबा, तुला समजतं त्यातलं," माय म्हणाली आणि तिने माझ्या ताटात भाकरी टाकली. मी नको म्हणत असतानाच टाकली. संध्या म्हणजे माझी धाकटी बहीण, ती कनेरगाव नाक्याला दिलेली. तिला फोन केला. तीही म्हणाली, "भाऊ, तू करशील ते बराबर."

आता इथे एक गोष्ट त्या दोघींना समजावून सांगायला हवी होती. वारसाच्या अर्जात भांडण नसलं, तरी समोर कुणाला तरी उभं करावंच लागतं. अर्ज एकाने करायचा आणि उरलेल्या वारसांना गैरअर्जदार करायचं. त्यांना नोटीस जाते, त्या येतात, 'आमची हरकत नाही' म्हणतात आणि विषय मिटतो. निव्वळ रीत आहे ती. पण मी सांगितलं नाही. बायकांना कायद्यातलं काय सांगत बसायचं, असं माझ्या मनात आलं. हे मनात आलं होतं, असं मी आता कबूल करतो. बायकोसमोर करत नाही.

दुसऱ्या दिवशी टेबलावर गर्दी होती. सातबाराचे, उत्पन्नाच्या दाखल्याचे, पीकविम्याचे लोक दाटले होते. त्या घाईत स्वतःचा अर्ज पहिल्या ओळीपासून कुठे लिहीत बसणार? लॅपटॉपमध्ये जुना एक वारसाचा अर्ज होता, वसमतच्या एका पार्टीचा. त्या गृहस्थाचं सावत्र आईशी आणि सावत्र बहिणीशी हाडवैर होतं. तो अर्ज लिहिला तेव्हा मी अगदी भरात होतो. सगळं आयतं होतं : अर्जदार मुलगा, गैरअर्जदार एक आई, गैरअर्जदार दोन बहीण. मी वरच्या पानावरची नावं बदलली, गावं बदलली, मयताची तारीख बदलली, शेतजमिनीच्या जागी जीप घातली. आतल्या पानांवर नावं नव्हतीच. तिथे सगळीकडे 'अर्जदार' आणि 'गैरअर्जदार क्र. १', 'गैरअर्जदार क्र. २' एवढंच होतं. म्हटलं, झालं काम.

शेवटी नेहमीचं वाक्य होतं : 'कलम १ ते ९ मधील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा व बरोबर आहे.' त्याखाली मी झोकात सही ठोकली आणि कोर्टात अर्ज दाखल केला. त्या दिवशी चहा पिताना मी दोन जणांना उगाच सांगितलं, "आज मी अर्जदार हाव."

वीस दिवसांनी नोटीस निघाली. ती घेऊन आमच्या घरी आला कोर्टाचा बेलिफ प्रेमदास. प्रेमदास माझ्या ओळखीचा, आणि मायच्या तर घरातलाच. गोरेगावात कुणाला नोटीस द्यायची असली, की तो आधी आमच्याकडे जेवतो आणि मग कामाला लागतो. मी तेव्हा सेनगावला होतो. पुढचं सगळं मला माझ्या बायकोने, दिपाने, नंतर सांगितलं. एकदा नाही, चारदा सांगितलं, आणि दर वेळी हसून सांगितलं.

प्रेमदास ओट्यावर बसला. मायने त्याला भाकरी आणि ठेचा दिला. शेजारच्या तीन-चार बाया तुरीच्या शेंगा सोलत तिथेच बसल्या होत्या. प्रेमदास नियमाचा पक्का. ज्या पार्टीला वाचता येत नाही, तिला नोटीस आणि अर्ज वाचून दाखवायचा, असा त्याचा शिरस्ता. मायला सही येते, वाचता येत नाही. म्हणून त्याने एका हातात भाकरी घेतली, दुसऱ्या हातात माझा अर्ज घेतला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. सहा कलमं सुरळीत गेली. मग सातवं आलं.

"'गैरअर्जदार क्रमांक एक ही अत्यंत भांडखोर व हेकट स्वभावाची असून, ती अर्जदारास पोटभर जेवावयास देत नाही.'" इथे त्याला ठेचा लागला, तो पाणी प्यायला आणि पुढे वाचू लागला. "'गैरअर्जदार क्रमांक एक हिच्या घरात राहण्यामुळे अर्जदारास अतोनात त्रास होत आहे. गैरअर्जदार क्रमांक दोन ही लग्न होऊन गेली असली, तरी सणासुदीला येऊन घरातील भांडीकुंडी उचलून नेते.'"

शेंगा सोलणाऱ्या बायांचे हात थांबले.

"प्रेमदास," माय म्हणाली, "ह्यातली एक नंबर कोण?"

"तुमी, मावशी."

"आन अर्जदार?"

"भीमराज."

"कोणता भीमराज?"

"तुमचाच," प्रेमदास म्हणाला आणि हातातली भाकरी खावी की ठेवावी, हे न कळून तसाच बसून राहिला.

मायने नोटिशीवर सही केली. प्रेमदासचं ताट घासून ठेवलं. दिपाला दोन्ही शेळ्यांचं चारापाणी नीट समजावून सांगितलं. मग लुगड्यांचं गाठोडं बांधलं आणि पहिल्या जीपने लेकीकडे, कनेरगाव नाक्याला निघून गेली.

मी घरी आलो तेव्हा दिपा ओट्यावर बसून तोच अर्ज वाचत होती.

"अगं, चूक झाली," मी म्हटलं. "जुन्या अर्जातलं तसंच राहून गेलं."

"सही तुमचीच हाय नं?"

"हो, पण..."

"मंग जेवायला मागू नका. कोर्टात लिहून दिलंय की ह्या घरात जेवायला भेटत न्हाई. म्या वाढलं तर तुमचा अर्ज खोटा पडंल."

मला वाटलं, चेष्टा करते आहे. ती चेष्टाच होती, पण ताट खरोखरच आलं नाही. मी बिस्किटाचा पुडा फोडला. तेवढ्यात संध्याचा फोन आला. प्रेमदास दुपारी तिच्याकडेही पोचला होता.

"भाऊ," ती म्हणाली, "म्या कोणतं भांडं नेलं?"

"संध्या, ऐक जरा..."

"न्हाई, तू नुसतं नाव सांग. पातेलं, कढई, काय ते. माझी सासू इचारून राहिली. तिला काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी मी टेबल बंद ठेवलं. एकवीस वर्षांत बाबा गेले तेव्हा बंद होतं, त्यानंतर हेच. कनेरगाव नाक्याला उतरलो आणि संध्याच्या घरी गेलो. तिने घरातलं एकूण एक भांडं अंगणात काढून मांडलं होतं. तांबे, वाट्या, परात, पितळेचा हंडा, चहाची गाळणीसुद्धा. जणू भांड्यांचं दुकानच लागलेलं. जाणारे-येणारे लोक भाव विचारत होते.

"वळखून घे," संध्या म्हणाली. "तुमच्या घरचं असंल ते उचल."

मी मान खाली घालून भांड्यांमधून वाट काढत ओट्यावर गेलो. माय माझ्याकडे पाठ करून डाळ निवडत होती.

"जय भीम, माय."

"जय भीम. बसा, अर्जदार साहेब."

मायने मला जन्मात कधी 'बसा' म्हटलेलं नव्हतं. मी बसलो आणि तिला सगळं समजावून सांगायला लागलो. गैरअर्जदार ही नुसती रीत असते, 'विरुद्ध' हा शब्द नुसता छापील असतो, कलम सात हे वसमतच्या एका बाईबद्दल आहे, आणि ती बाईसुद्धा प्रत्यक्षात बरी असेल. मी चांगलं बोलतो, निदान टेबलावर तरी बोलतो. पण मायच्या पाठीला काही पटवून देता येत नव्हतं.

ती उठली, आत गेली आणि ताट घेऊन आली. "जेवा. न्हाई तर आणखी येक कलम लिवसाल."

मी जेवलो. कालपासून बिस्किटांवर होतो. वांग्याची भाजी होती. माय समोर बसली, आणि माझ्या ताटातली भाजी संपताच पुन्हा वाढली. मला रडू यायला लागलं, आणि मी ते ठेच्यावर ढकललं. भाजीत ठेचा नव्हता, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं.

"जेवायचं मनावर घेतलं न्हाई म्या," शेवटी ती म्हणाली. "ते ऐकून तर बाया हसल्या. मला भांडखोर म्हणला, त्यातबी खोटं काय हाय? पण तू लिवलंस, की म्या घरात राहून तुला तरास व्हतो. तुझा बाप गेल्यापासून म्या रोज हाच इचार करून राहिले, भीमा. सूनबाईला अडचण व्हत असंल का, लेकाला जड झाले असंल का. आन तूच ते लिवून दिलं."

मी ताट बाजूला ठेवलं. "माय, ते मी लिहिलेलं नाही गं. म्हणजे लिहिलंय, पण तुझ्यासाठी नाही. चल घरी."

"घरात बोलला असता तर म्या घरात मिटवलं असतं. तू कोर्टात बोलला. आता ते तिथंच मिटंल. तारखेला येते म्या. तवर घरी यायची न्हाई."

"आणि तारखेनंतर?"

"ते कोर्ट ठरवंल," माय म्हणाली आणि डाळीकडे वळली.

पुढचे आठ दिवस कसे गेले, ते माझं मला माहीत. दिपाने दोन दिवसांनी दया येऊन जेवायला घातलं, पण चौथ्या घासाला थांबून विचारायची, "पोटभर झालं का? लिहून ठेवू?" घरात मायचा आवाज नव्हता. पहाटे शेळ्यांना शिव्या देणारं कुणी नव्हतं. जेवताना मी 'नको' म्हणायचो आणि खरंच कुणी वाढायचं नाही. त्रेचाळीस वर्षांचा घोडा झालोय, पण मला माझी माय घरात पाहिजे होती. हे मी असं सरळ सांगतो, कारण अर्जात सरळ सांगायची हिंमत केली नव्हती.

मी दुरुस्तीचा अर्ज तयार केला : 'कलम ७ नजरचुकीने लिहिले गेले असून ते वगळण्याची परवानगी मिळावी.' या वेळी सात वेळा वाचला.

तारखेच्या दोन दिवस आधीची गोष्ट. टेबलावर नेहमीसारखी गर्दी होती. मी मान खाली घालून एका आजोबांचा अर्ज टाइप करत होतो. पुढचं गिऱ्हाईक बघायला मान वर केली, तर बाकड्याच्या शेवटच्या टोकाला माय बसलेली, शेजारी संध्या. मायच्या हातात ती नोटीस होती, चार घड्या घातलेली.

मी धावत गेलो. "माय, अगं ये ना, इथे खुर्चीवर बस."

"नंबरानं येते," ती म्हणाली. "हे लोक माझ्या आधी आलेत."

मी टाइप करू लागलो, पण बोटं भलतीकडेच पडत होती. एकाच्या म्हशीचं वय मी त्याच्या बायकोच्या जागी घातलं. दोन तासांनी मायचा नंबर आला. ती पुढे आली, समोरच्या स्टुलावर बसली आणि नोटीस टेबलावर ठेवली.

"म्हणणं लिवायचं हाय," ती म्हणाली.

गैरअर्जदार जे उत्तर देतो, त्याला कोर्टात 'म्हणणं' म्हणतात. ते लिहून द्यावं लागतं.

"कुणाविरुद्ध?" मी सवयीने विचारलं, आणि जीभ चावली.

"तुझ्या."

"अगं माय, माझ्याविरुद्ध म्हणणं मी कसं लिहू? पलीकडे दोन जण बसतात, त्यांच्याकडे जा."

"त्यांना इचारलं. पण समदे म्हणतेत, चांगलं लिवणारा एकच हाय. मंग म्या काहून हलक्या माणसाकडं जाऊ? माझी कोर्टातली पयलीच वेळ हाय."

आता तुम्हीच सांगा, याला काय उत्तर देणार? मी कोरं पान उघडलं. माय सांगू लागली आणि मी टाइप करू लागलो. सुरुवातीला लाज वाटत होती. पण धंदा म्हणजे धंदा. दोन परिच्छेदांनंतर माझे हात आपोआप चालू लागले.

"लिव," माय म्हणाली, "की त्यो लहानपणी भाकरीवर लोणी असल्याबिगर उठत नव्हता."

मी लिहिलं : 'अर्जदार हा बालवयापासून आहाराच्या बाबतीत अत्यंत आग्रही असून, गैरअर्जदार क्र. १ हिने त्याचे सर्व हट्ट विनातक्रार पुरविलेले आहेत.'

"ऐकव," माय म्हणाली. मी वाचून दाखवलं. तिचे डोळे भरून आले. "बघ," ती संध्याला म्हणाली, "म्हणलं नव्हतं?"

"माझंबी लिव," संध्या म्हणाली. "की म्या एकच डबा नेला व्हता, तोबी लाडवाचा, तोबी मायनं दिला व्हता, आन रिकामा परत केला."

'गैरअर्जदार क्र. २ हिने नेलेला डबा हा मातेच्या संमतीने नेलेला असून, तो तिने स्वच्छ करून परत केलेला आहे.' मग मला चेव चढला. अर्जदाराने केलेले आरोप कसे बिनबुडाचे, कसे मातृप्रेमास काळिमा फासणारे आहेत, हे मी असं काही लिहिलं, की बाकड्यावरच्या दोन जणांनी काम सोडून ऐकलं. एक म्हणाला, "कोण हाय हा अर्जदार? असल्या माणसाला चपलेनं हाणलं पायजे." मी नुसती मान हलवली आणि कागद प्रिंटरला घातला.

माय सही करून निघाली. जाताना वळून म्हणाली, "जेवलास का?" मी 'हो' म्हटलं. ते खोटं होतं, पण शपथेवर नव्हतं.

तारखेला कोर्टात आमचा पुकारा झाला. 'अर्जदार भीमराज सोनाजी खिल्लारे,' आणि मी नवरदेवासारखा पुढे जायचं ठरवलेलं, तो चोरासारखा गेलो. पलीकडे माय आणि संध्या उभ्या. न्यायाधीश मॅडमनी माझा अर्ज चाळला, सातव्या कलमावर थांबल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"वकील नाही?"

"नाही, मॅडम. अर्जदार स्वतः."

"अर्जदार म्हणजे काय, माहीत आहे का?"

नवरदेवाचं उत्तर जिभेवर आलं होतं, ते मी गिळलं.

"अर्जदार म्हणजे जो कोर्टाकडे काहीतरी मागायला आलाय तो," मॅडम म्हणाल्या. "आणि मागणाऱ्याने आधी खरं बोलायचं असतं. सिद्ध करायची जबाबदारी त्याचीच. तुम्ही लिहून दिलंय, की आई जेवायला देत नाही. खाली सही करून म्हटलंय, की हे खरं आहे. आता दुरुस्तीच्या अर्जात म्हणताय, की ते चुकीचं आहे. नेमकं काय समजायचं?"

"चुकीचं आहे, मॅडम. नजरचूक."

"मग पिंजऱ्यात या आणि शपथेवर सांगा."

मी पिंजऱ्यात उभा राहिलो, शपथ घेतली आणि सगळं सांगितलं. वसमतचा अर्ज, टेबलावरची गर्दी, न वाचता केलेली सही. मॅडमनी ते उतरवून घेतलं आणि पलीकडे बघितलं. "गैरअर्जदार क्रमांक एक, तुम्हाला यांना काही विचारायचंय?"

आई-मुलाच्या प्रकरणात कुणी काही विचारत नाही. 'न्हाई साहेब' म्हणतात आणि खाली बसतात. माय पदर खोचून पुढे आली. "व्हय. इचारायचं हाय."

मागच्या बाकांवरचे वकील सरसावून बसले.

"तुझं वजन किती हाय?" मायने विचारलं.

"मॅडम, हा प्रश्न..." मी म्हणालो.

"प्रश्न कलम सातला धरूनच आहे," मॅडम म्हणाल्या. "उत्तर द्या."

"ब्याऐंशी किलो."

"त्यातलं सासुरवाडीचं किती?"

"काहीच नाही. सगळं घरचंच."

टाइप करणाऱ्या बाईंनी ओठ दाबून ते उतरवलं.

"ज्या रोजी अर्ज लिवला, त्या रोजी सकाळी काय खाल्लं व्हतं?"

"दोन भाकरी, पिठलं आणि कांदा. तिसरी भाकरी तू टाकलीस."

"तिसरी तू मागितली व्हती, का म्या आपल्या मनानं टाकली?"

"तुझ्या मनानं."

"उरली का?"

"नाही."

कोर्टात हशा पिकला. मॅडमनी 'शांतता' म्हटलं, पण फार जोरात नाही. माय मात्र हसली नाही. तिने पिंजऱ्याच्या कठड्यावर हात ठेवला.

"आता येकच इचारते," ती हळू आवाजात म्हणाली. "तू लिवलंस, की म्या घरात राहिले तर तुला तरास व्हतो. आता शपथ घेऊन सांग. म्या घरी येऊ, का न्हाई?"

मी कठड्यावरचा तिचा हात धरला आणि मान हलवली.

टाइप करणाऱ्या बाई थांबल्या. "मॅडम, साक्षीदाराने मान हलवली. काय लिहू?"

"तोंडाने बोला," मॅडम मला म्हणाल्या.

"ये," मी म्हणालो. "आजच ये. घरात तुझ्याशिवाय करमत नाही मला."

"'येण्यास हरकत नाही,' असं लिहा," मॅडमनी सांगितलं.

"हरकत नाही न्हवं, मॅडम," माय मध्येच म्हणाली. "त्यो 'ये' म्हणला. 'ये' लिवा."

मॅडमनी 'ये' लिहून घेतलं. कलम सात वगळायला परवानगी मिळाली. माय आणि संध्या दोघींनी हरकत नाही म्हणून सांगितलं, पुढची तारीख नुसती आदेशाची पडली आणि मी पिंजऱ्यातून खाली उतरायला लागलो. तेवढ्यात मॅडमनी मला थांबवलं. त्यांच्या हातात ते म्हणणं होतं. त्या ते पुन्हा वाचत होत्या.

"गैरअर्जदारांचं हे म्हणणं फार छान लिहिलंय," त्या म्हणाल्या. "भाषा नेमकी, मुद्दा सोडलेला नाही. कुणी लिहून दिलं?"

एवढ्या सगळ्या फजितीनंतरही माझी छाती आपोआप पुढे आली. "मी, मॅडम."

"आणि हा अर्ज?"

छाती होती तिथे परत गेली. "तोही मीच."

मॅडमनी एकदा अर्जाकडे पाहिलं, एकदा म्हणण्याकडे पाहिलं. "मग गैरअर्जदारांनी माणूस चांगला निवडला. तुम्हीही अर्ज त्याच्याकडूनच लिहून घ्यायला हवा होता."

मायला त्यातली खोच कळली नाही. लेकाचं एवढ्या मोठ्या बाईने कौतुक केलं, एवढंच तिला कळलं, आणि तिचा चेहरा फुलला.

"त्याला कुठला येळ भेटतो, मॅडम," ती अभिमानाने म्हणाली. "लई गर्दी राहती त्याच्याकडं. म्या माय हाय त्याची, पण मलाबी दोन घंटे नंबरात बसावं लागलं."